बत्तीस हजार सातशे सदुसष्ट

पंडितमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका सहकाऱ्याला फैलावर घेत होते. त्याने कुठलीशी दुरुस्ती न तपासता तशीच एका वेबसाइटवर चढवली होती, आणि मी सगळ्यांसमोर त्याला ऐकवत होते, की बाबा रे, आपलं काम लोकांना दिसत नाही म्हणून ते कसंही उरकलं तर चालत नाही. तेवढ्यात राजूदादाचा, माझ्या मामेभावाचा फोन आला. "वैशू, आप्पा गेले गं… चहा घेतला, खुर्चीत बसले, आणि…" मी तशीच स्कूटर काढून इंदिरानगरला गेले. आता त्याला सहा आठवडे झाले. राजूदादा म्हणाला, तुला लिहिता येतं, आप्पांवर काहीतरी लिही. लिहायला बसते ती मामांच्या चांगुलपणावर, आणि चार ओळींतच माझ्या स्वतःच्या कोतेपणापाशी येऊन अडकते. तेव्हा म्हटलं, जे आहे तेच लिहावं. मामांनी आयुष्यभर लोकांच्या मोटारी उघडून आतला जळका भाग दाखवला, मग त्यांच्यावर लिहिताना मीच झाकपाक का करू?

मामांचं सटाण्याला मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीतल्या, बोअरमधल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की शेतकरी त्या मामांकडे आणायचे. जळकी तार काढायची, नवी तांब्याची तार मोजून भरायची, वॉर्निश द्यायचं, वाळवायचं आणि पुन्हा फिरवून दाखवायची. सुट्टीत मी आजोळी गेले की दुकानातल्या बाकड्यावर बसून हे बघत राहायची. वॉर्निशच्या वासाने माझं डोकं दुखायचं, पण हलायची नाही. गिऱ्हाईक घाईत असायचं, शेतात पीक पाण्याला आलेलं असायचं, आणि हे शांतपणे आधी मीटर लावून तपासायचे. तेही कसं? पहिल्यांदा मीटरच तपासायचे. चांगल्या मोटारीला लावून बघायचे की काटा नीट हलतो ना. गिऱ्हाईक वैतागायचं, "मामा, मोटार जळेल शे, मीटर नही!" तर मामा म्हणायचे, "आधी याले इचारू दे, तू खरं बोलस का म्हणून." सारा बाजार त्यांना मामाच म्हणायचा, पण खरी भाची मी एकटीच, आणि त्याचा मला केवढा तोरा!

आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामा भाचीच्या पडतो. नाशिकमधल्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या हसायच्या. पण मामा खरंच वाकायचे. मी सहा वर्षांची असताना वाकायचे, आणि इंजिनिअर होऊन नोकरीला लागले तेव्हाही, दुकानातले काळे हात धुऊन, पुसून, वाकले. मी "अहो मामा, नका ना" म्हणत मागे सरकायची. भाचीला काम सांगायचं नाही, भाचीला उलटं बोलायचं नाही, भाची घरातून रिकाम्या हाताने जाता कामा नये… हे सगळं ते मनापासून पाळत. मला ते लाडाचं वाटायचं. त्यांना ते बंधन होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पुढे त्यांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, बारीक तार हातात ठरेना. दुकान बंद करून मामा-मामी राजूदादाकडे इंदिरानगरला राहायला आले. जन्मभर सकाळी सातला शटर वर करणारा माणूस फ्लॅटमध्ये काय करणार? जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या मारायचे आणि सोसायटीतल्या पाण्याच्या पंपाचा आवाज ऐकत जिन्यात उभे राहायचे. राजूदादाने त्यांना जुना कॉम्प्युटर दिला, मराठी टायपिंग शिकवलं. आणि एक दिवस मामा माझ्या घरी आले, डाळिंबांची पिशवी घेऊन. सोफ्याच्या कडेवर बसले, पाणी प्यायले, पंख्याकडे बघितलं, पुन्हा पाणी प्यायले. मग म्हणाले, "वैशू, एक इचारू का? राग नको येऊ देऊ. भाचीले काम सांगनं बरं नही, पन दुसऱ्या कोनले सांगू?"

त्यांना मोटारींच्या दुखण्यांवर लिहायचं होतं. एकेका बिघाडावर एकेक पान. मोटार गुणगुणते पण फिरत नाही. मोटार गरम होऊन बंद पडते. पाण्यात सोडली की फ्यूज उडतो. गावोगावच्या नव्या वायंडिंगवाल्यांना आणि शेतकऱ्यांना मोबाइलवर वाचता यावं, मराठीत, फुकट. "मी मरी गऊ तं हाई सगळं मनासंगे जाई ना," हे सगळं माझ्याबरोबरच जाईल, असं ते अगदी सहज म्हणाले होते. मी दोन रविवारांत त्यांना वेबसाइट करून दिली. खरं तर दीडच रविवार. मला वेबसाइट करणं म्हणजे हातचा मळ, आणि मामांचं काम म्हणजे तर… आता लाज वाटते लिहायला, पण म्हाताऱ्याला विरंगुळा, एवढंच माझ्या मनात होतं. त्यांनी सांगितलं, खाली माझा फोन नंबर टाक. मी म्हटलं, नको मामा, कोणीही ऊठसूट फोन करत बसेल. त्यांनी मान हलवली. मग जरा वेळाने म्हणाले, दुकानाला दार असतं, कोण आलं कोण गेलं दिसतं. इथे कसं कळणार? कुठल्याशा सरकारी वेबसाइटच्या तळाशी त्यांनी पाहिलं होतं, आजवर इतक्या जणांनी भेट दिली असा आकडा असतो, तेवढा तरी लावून दे.

तो आकडा लावणं अगदी सोपं काम. कोणी पान उघडलं की मागच्या मागे एक छोटी स्क्रिप्ट चालते, ती डेटाबेसमध्ये जाते, तिथे ठेवलेल्या आकड्यात एक मिळवते आणि नवा आकडा पानाच्या तळाशी दाखवते. बस्स. फक्त तो आकडा ठेवायचा रकाना बनवताना आधी सांगावं लागतं, की यात किती मोठी संख्या मावली पाहिजे. नेहमीचा रकाना घेतला तर अब्जांपर्यंत मावते. लहान घेतला तर फक्त बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंत. मी लहान घेतला. का? जागा वाचावी म्हणून? डोंबलाची जागा! दोन अक्षरं मावतील एवढीसुद्धा वाचत नाही. आकडा मी सोमवारी ऑफिसातच लावला, तेव्हा शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं, मोठाच घे ना." मी म्हणाले, "जळक्या मोटारींवर वाचायला कोण येणारे? पाचशेच्या वर गेला तर मी पेढे वाटीन." आम्ही दोघी खूप हसलो. बाकीचं सगळं मी विसरले असते, पण ते हसणं जसंच्या तसं लक्षात आहे.

पाचशेचा आकडा महिन्याभरातच पार झाला, आणि पेढे मामांनीच आणले. पहिल्या दिवसापासून त्यांचे फोन सुरू झाले होते. "वैशू, आज सतरा जण येल शेतस!" सतरा जण आलेत, हे ते अशा थाटात सांगायचे जसे काही सतराही जण घरात जेवायला बसलेत. उन्हाळ्यात आकडा भराभर वाढला की म्हणायचे, बघ, विहिरी खाली गेल्या, मोटारी कोरड्या फिरताहेत. विंचूरकडे कांद्याला पाणी चालू असेल, तिकडचेच असतील. एकदा त्यांच्या लक्षात आलं की आपण स्वतः पान उघडलं तरी एक वाढतो. लगेच फोन. "मना आकडा धरू नको बेटा, ते खोटं व्हई." मला हसू आलं, पण त्यांच्या कॉम्प्युटरला वगळायची सोय मी करून दिली. रोज सकाळी अंघोळ करून ते आधी आकडा बघायचे आणि मग लिहायला बसायचे. तीन-चार वर्षांत त्यांनी साठ-सत्तर पानं लिहिली. मी त्यातलं एकही पूर्ण वाचलं नाही. फोनवर "हो का मामा, अरे वा" म्हणत मी माझं काम करत राहायची.

मग तो फोन. मी एका मीटिंगमधून दुसरीत चालले होते. मामा म्हणाले, "वैशू, कामात शे का? दोन-तीन आठवडे झाले, आकडा हाली नही ऱ्हायना." आकडा हलत नाहीये. मी म्हणायला हवं होतं, किती आहे आकडा? एवढंच. त्यांनी बत्तीस हजार सातशे सदुसष्ट म्हटलं असतं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असता. माझ्या धंद्यातला कोणीही माणूस हा आकडा झोपेतसुद्धा ओळखेल. लहान रकाना भरला की जुना डेटाबेस तक्रार करत नाही, एक मिळव म्हटलं की मुकाट्याने तोच आकडा पुन्हा लिहून ठेवतो. पाच मिनिटांचं काम होतं. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "अहो मामा, आता वेबसाइट कोण वाचतं? सगळे व्हिडिओ बघतात. तुमचं वाचणारं कोणी उरलं नसेल आता. नका एवढं मनाला लावून घेऊ." वर समजूत घातल्याच्या सुरात बोलले मी हे, मोठी शहाणी! मग ते म्हणाले, "हां… बरं शे, बरं शे. तू जेवनी का?"

त्या दिवाळीत गेले तेव्हा कॉम्प्युटरवर कापड घातलेलं होतं. मी विचारलं, मामा, लिहिताय ना? म्हणाले, "आते डोया थकी ग्यात बेटा." डोळे थकले, हे मला पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं. त्यानंतरची पाच वर्षं ते सकाळी अंघोळ करून पेपर वाचायचे, राजूदादाच्या मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचे, आणि मी गेले की हात पुसून वाकायचे. वेबसाइटचा विषय ना त्यांनी काढला ना मी. ऑफिसच्या इतर वेबसाइटांबरोबर तिचंही दरवर्षी आपोआप नूतनीकरण होत राहिलं. मी ती एकदाही उघडून पाहिली नाही.

दहाव्याचा विधी झाल्यावर घरी सगळे बसलेलो होतो. सटाण्याहून चुलते-पुतणे, बाजारातले जुने दुकानदार आले होते. मामांच्या हाताला कसं यश होतं, कोणाच्या मोटारी कशा वाचवल्या, असं एकेक निघत होतं. आणि मी, माझी जीभ का नाही झडली तेव्हा, म्हणाले, "मामांची वेबसाइट मीच करून दिली होती बरं का." सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. राजूदादा डोळे पुसत म्हणाला, अरे हो, दाखव ना सगळ्यांना. मी मोबाइलवर उघडली. फोन हातोहात फिरला. एका दुकानदाराने तळापर्यंत सरकवत नेलं आणि मोठ्याने वाचलं, "बत्तीस हजार सातशे सदुसष्ट! वा! पंडितमामाले एवढा लोकेस्नी वाचं!" सगळे माना डोलावत होते. त्या भरल्या खोलीत त्या आकड्याचा अर्थ एकट्या मला कळला होता. मी फोन परत घेतला, पदर डोळ्यांना लावला. लोकांना वाटलं, भाचीला भरून आलं.

घरी येऊन मी ते दुरुस्त केलं. रकाना मोठा करायची एक ओळ, क्षणभराचं काम. मग सर्व्हरवरची नोंद काढून बसले. कोण कधी आलं याची एक वेगळी नोंद सर्व्हर आपली आपण ठेवत असतो, मागच्या काही महिन्यांची शिल्लक होती. आपोआप फिरणाऱ्या शोधयंत्रांच्या फेऱ्या वगळल्या आणि माणसं तेवढी ठेवली. रोज येत होती माणसं. पहाटे, शेताला वीज येते त्या वेळी. भर दुपारी. एकच पान पाच-पाच वेळा उघडलेलं, म्हणजे कोणीतरी मोटारीशेजारी बसून, मोबाइल बाजूला ठेवून, वाचत वाचत तार भरत असणार. मामा गेले त्या सकाळीही कोणीतरी "मोटार गरम होऊन बंद पडते" हे पान उघडून बराच वेळ वाचत होतं. मी टेबलावर डोकं टेकून रडले. आणि खोटं कशाला बोलू, रडता रडता मनात कुठेतरी हेही होतं, की ही तांत्रिक चूक आहे. कोणाच्याही हातून होते. आकडा अडकला, मामांचा गैरसमज झाला, माझं दुर्दैव.

हे मामींना सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. दोन रविवार टाळलं, तिसऱ्या रविवारी गेले. मामी गॅलरीत मेथी निवडत होत्या. मी खाली बसले, मेथीची एक जुडी ओढून घेतली आणि सगळं सांगितलं. लहान रकाना, बत्तीस हजार, रोज येणारी माणसं. मामींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आकडा बिघडलाय, हे त्यांना माहीत होतं गं."

मी मेथी खाली ठेवली. "माहीत होतं? कसं?"

"तुला फोन केला ना, त्याच्या आदल्याच दिवशी माझा फोन मागितला त्यांनी. माझ्या फोनवर उघडलं. दहा वेळा उघडलं, बंद केलं. आकडा तिथल्या तिथे. मला म्हणे, मीटर अडकेल शे, वैशूकडून काहीतरी राहिलं असंल. मी म्हटलं, मग तसं सांगा तिला. तर म्हणे, भाचीनी चूक काढू का मी? नुसतं हालत नही एवढं सांगस, ती हुशार शे, तिचं तिला कळंल." मामींनी पुढची जुडी सोडली. "मग तुझ्याशी बोलून आले, तर गप. दिवसभर गप. मी विचारलं, काय म्हणे वैशू? तर म्हणे, मीटर तं खराब शेच, पन ती म्हणस का आते कोनी वाचत नही. मी म्हटलं, तिनं बघितलं का पण? म्हणे, बघितल्याबिगर बोलंल का ती? ती त्यातलीच शे. मनी भाची शे, खोटं काबरं बोलंल…"

मी आकड्याच्या मागे लपायला आले होते. मामांनी त्या अडकलेल्या आकड्यावर कधीच विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी त्यांच्या सवयीप्रमाणे मीटर तपासलं होतं, ते खराब आहे हे ओळखलं होतं. माझं बोलणं मात्र त्यांनी तपासलं नाही. मीटिंगला जाता जाता, काही न बघता, काही न विचारता टाकलेलं एक वाक्य त्यांनी पाच वर्षं खरं धरलं. मी मामींना म्हणाले, "मामी, मी बघितलं नव्हतं हो… मी उगाच बोलले." त्या म्हणाल्या, "कळलं मला आता." चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मेथीचं ताट घेऊन उठल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, "खोलीत वही आहे, बघायची तर बघ."

टेबलावर, कापडाखालच्या कॉम्प्युटरशेजारी, जाड पुठ्ठ्याची लांबट वही होती. टाइप करण्याआधी मामा सगळं त्यात लिहायचे, हे मला ठाऊकच नव्हतं. प्रत्येक पानावर वर बिघाडाचं नाव, खाली त्यांचं ठळक, उजवीकडे कललेलं अक्षर. मधे मधे मोटारीची चित्रं, तारा वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलींनी काढलेल्या. अशी कितीतरी पानं. मग एका पानापासून पुढे सगळ्यांवर फक्त नावं होती आणि खाली कोरं. त्यांनी पुढच्या सगळ्या बिघाडांची नावं आधीच घालून ठेवली होती. मी मोजली, एकेचाळीस.

जिथून कोरं सुरू होतं त्याच्या आधीच्या पानावर नाव होतं, "मोटार चालते, पण पाणी कमी येते". खाली लिहिलं होतं, "घाबरू नये. मोटार उलटी फिरत असण्याची शक्यता आहे. आधी बंद करावी. मग तिन्ही वायरींपैकी कोणत्याही दोन" आणि तिथे ते थांबले होते. वरच्या कोपऱ्यात तारीख होती, त्यांनी मला फोन केला त्याच दिवसाची. पेन वहीतच होतं, पानांच्या मधे, त्याची शाई वाळून गेलेली.

त्या दोन वायरींचं पुढे काय करायचं हे कोणताही वायरमन सांगेल. माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या राजूदादाने तर तिथल्या तिथे सांगितलं. मामी आतून म्हणाल्या, वही हवी तर ने. मी म्हटलं, नको, राहू दे इथेच. ते पान अर्धं आहे तसंच मी वेबसाइटवर चढवलं, पुढचं वाक्य माझं घातलं नाही. आकडा आता नीट चालतो. काल मी सर्व्हरवरची नोंद पाहिली तेव्हा त्या अर्ध्या पानावर अकरा जण येऊन गेले होते, आणि त्या अकराही जणांना मामांनी "कोणत्याही दोन" एवढं सांगून मधेच सोडलं होतं, माझ्यामुळे.